यंत्राचा झुरका, माणसाचा झुरका

१९६७ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापार आणि जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आपल्या प्रयोगशाळेत सिगारेट ओढणारी यंत्रं बसवली. त्यांचं काम आखून दिलेलं होतं. मिनिटाला एक झुरका, झुरका दोन सेकंदांचा, एका झुरक्यात ३५ मिलिलिटर धूर, आणि थोटूक ठरावीक लांबीचं उरलं की थांबायचं. ओढलेला धूर काचतंतूंच्या एका चकतीतून जाई. तिला केंब्रिज फिल्टर म्हणतात. चकतीवर जे साठेल त्याचं वजन करायचं, त्यातून पाणी आणि निकोटिन वजा करायचं, आणि जे उरेल ते ‘टार’. मिलिग्रॅममधला हा आकडा सरकार प्रसिद्ध करी, कंपन्या जाहिरातीत छापत. सिगारेट सुटत नाही पण भीती तर वाटते, अशी लाखो माणसं तो आकडा बघून ब्रँड बदलत.

या मापाने पाहिलं तर अमेरिकी सिगारेटचा सरासरी टार १९५० च्या दशकाच्या मध्यात सुमारे ३८ मिलिग्रॅम होता, तो १९९० च्या दशकात १२ मिलिग्रॅमच्या आसपास उतरला. म्हणजे दोन-तृतीयांश घट. ओढणाऱ्यांच्या शरीरात मात्र ही घट सापडली नाही. रक्त तपासलं, लघवी तपासली, कर्करोगाच्या नोंदी चाळल्या, तरी सापडली नाही. कागदावर कमी झालेलं विष शरीरात पूर्वीइतकंच कसं पोचत राहिलं, त्याचं हे प्रकरण. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात किती रसायनं जातात हे सिगारेटवर जेवढं अवलंबून असतं तेवढंच ती कशी ओढली जाते यावर असतं, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे क्वचितच दिसतं. आणि ही ‘ओढण्याची पद्धत’ माणूस जाणूनबुजून निवडत नाही, हेही.

आकडा कशासाठी हवा होता

१९५३ साली अर्न्स्ट वाइंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिगारेटच्या धुरातून काढलेला टार उंदरांच्या पाठीवर लावला आणि तिथे गाठी झाल्या. जानेवारी १९५४ मध्ये तंबाखू कंपन्यांनी अमेरिकेतल्या शेकडो वृत्तपत्रांत पानभर निवेदन दिलं, की लोकांच्या आरोग्याची आम्हाला काळजी आहे आणि आम्ही संशोधनाला मदत करू. फिल्टरची सिगारेट त्याच सुमारास घराघरांत शिरली. ११ जानेवारी १९६४ रोजी सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे सर्वोच्च सरकारी प्रवक्ते, ल्यूथर टेरी यांच्या अहवालाने धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं सरकारी शिक्क्यानिशी सांगितलं. जास्त सिगारेट ओढणाऱ्यांना जास्त धोका, हे दिसतच होतं. मग टार कमी झाला तर धोकाही कमी होईल, असं डॉक्टरांनाही वाटलं. या विचारात खोट नव्हती. मात्रा कमी तर इजा कमी, हा विषशास्त्राचा पहिला धडा आहे. चूक पुढच्या पायरीवर झाली. यंत्राने मोजलेली मात्रा म्हणजेच माणसाला मिळालेली मात्रा, असं सगळे धरून चालले.

३५ मिलिलिटर आणि दोन सेकंद हे माप आलं कुठून? १९३६ साली एका अमेरिकी तंबाखू कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी ते वापरलं होतं. त्या वेळी सिगारेटना फिल्टर नव्हता, त्यावर हवेसाठी पाडलेली भोकं नव्हती, तंबाखूचं मिश्रण वेगळं होतं. तीस वर्षांनी तेच माप राष्ट्रीय प्रमाण झालं. कमिशनची भूमिका अशी होती, की कुठलंही यंत्र प्रत्येक माणसाची नक्कल करू शकत नाही, आपल्याला फक्त एका सिगारेटची दुसरीशी तुलना करायची आहे. तुलनेपुरता विचार केला तर हे पटण्यासारखं आहे. पण त्या तुलनेला एक अट होती, की वेगवेगळ्या सिगारेट माणूस एकाच पद्धतीने ओढतो. ही अटच खोटी निघाली.

कागदातली भोकं

टारचा आकडा खाली आणायचे काही मार्ग होते. तंबाखू कमी भरायचा, तो फुगवून घ्यायचा, सच्छिद्र कागद वापरायचा, फिल्टर लांब करायचा. पण सगळ्यात परिणामकारक ठरली ती फिल्टरवरच्या कागदाला पाडलेली बारीक भोकं. तोंडाच्या टोकापासून सेंटिमीटरभर अंतरावर सिगारेटभोवती त्यांची एक किंवा दोन वर्तुळं असतात. पुढे ती लेझरने पाडू लागले. उजेडाकडे धरून निरखून बघितलं तरच दिसतील इतकी लहान. झुरका घेतला की भोकांतून बाहेरची हवा आत येते आणि धुरात मिसळते. कमी टारची म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘लाइट’ सिगारेटमध्ये झुरक्याचा मोठा वाटा हवेचा असे, ‘अल्ट्रालाइट’मध्ये निम्म्याहून अधिक. यंत्राला ३५ मिलिलिटर हवे होते, ते मिळाले, पण त्यात धूर कमी आणि हवा जास्त. शिवाय झुरक्यागणिक तंबाखूही कमी जळतो. आकडा आपोआप खाली आला.

यंत्र सिगारेट अगदी टोकाशी पकडतं, त्यामुळे भोकं उघडी राहतात. माणूस ती दोन बोटांत धरतो, ओठांत दाबतो. ओठ मोठे असतील, सिगारेट आत खोचून धरायची सवय असेल, तर भोकं झाकली जातात. अर्धी झाकली तरी हवा कमी होते आणि धूर दाट होतो. १९८० साली टोरोंटोत काम करणारे लिन कोझलोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रकार तपासला. ओळखायची त्यांची पद्धत फार साधी होती. भोकं मोकळी असतील तर थोटकाच्या तोंडाकडच्या टोकाला मधोमध तपकिरी ठिपका आणि भोवती फिकट कडा राहते. भोकं दबलेली असतील तर डाग काठापर्यंत पसरतो. बऱ्याच जणांना आपल्या सिगारेटला भोकं आहेत हेच माहीत नव्हतं. ज्या गोष्टीचं अस्तित्वच ठाऊक नाही, ती आपण बोटाने दाबतोय हे त्यांना कळणार तरी कसं?

भोकं दाबली गेली नाहीत तरी गोष्ट तिथे थांबत नाही. निकोटिन झुरक्यानंतर काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि रक्तातून दोनेक तासांत निम्मं होतं. नियमित ओढणाऱ्याच्या शरीराला त्याची एक पातळी सवयीची झालेली असते. ती खाली गेली की चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं सुरू होतं. पातळ धुराची सिगारेट हातात आली की शरीर आपला हिशेब पुरा करून घेतं. झुरका मोठा होतो, दोन झुरक्यांमधलं अंतर घटतं, धूर आत जास्त वेळ धरला जातो, सिगारेट फिल्टरच्या जवळपर्यंत ओढली जाते, नाहीतर दिवसाला दोन वाढतात. यातलं काहीही ठरवून होत नाही. माणसाला विचाराल तर तो प्रामाणिकपणे सांगेल, की मी पूर्वीसारखीच ओढतो.

झुरक्यांमधल्या अंतराला एवढं महत्त्व का, याचं उत्तर जळण्याच्या रसायनशास्त्रात आहे. सिगारेटमधला तंबाखू तेवढाच असतो. त्यातला काही झुरका घेताना जळतो आणि तो धूर थेट तोंडात येतो. उरलेला मधल्या वेळात नुसता धुमसतो आणि तो धूर हवेत जातो. यंत्र दोन सेकंद ओढतं आणि अठ्ठावन्न सेकंद सिगारेट तशीच सोडून देतं, म्हणजे बराचसा तंबाखू कुणीच न ओढता जळून जातो. माणूस वीस-पंचवीस सेकंदांनी झुरका घेतो, तेव्हा तोच तंबाखू त्याच्या छातीत जातो. सिगारेट एकच, टार कितीतरी जास्त. खोल ओढलेल्या झुरक्यात निखाऱ्यातून हवाही जास्त खेचली जाते, आणि एका झुरक्यात जास्त तंबाखू जळतो.

माणसाला हवं असतं निकोटिन. ते एकटं येत नाही. त्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं असतात आणि त्यातली किमान ७० कर्करोगकारक म्हणून ओळखली जातात. बेन्झोपायरिन, बेन्झीन, ब्युटाडाइन, फॉर्मल्डिहाइड, कॅडमियम, आणि तंबाखूतच तयार होणारी एनएनके व एनएनएन ही नायट्रोसमाइन्स ही त्यातली काही. निकोटिनची भरपाई करायला मोठा झुरका घेतला की ही सगळी त्याच प्रमाणात आत येतात. केंब्रिज चकती तर फक्त कण पकडते. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड, डोळे-घसा जाळणारं ॲक्रोलिन असे वायू तिच्यातून निघून जातात, म्हणजे टारच्या आकड्यात ते धरलेलेच नसतात. कमी टारची सिगारेट म्हणजे कमी विषारी सिगारेट, असं या आकड्यावरून म्हणायला आधार नव्हताच.

बार्कलेचा किस्सा

मोजमापातली फट किती मोठी होती, हे दाखवणारं एक उपप्रकरण इथे सांगायलाच हवं. १९८० साली ब्राउन अँड विल्यमसन कंपनीने बार्कले नावाची सिगारेट बाजारात आणली. दावा होता एक मिलिग्रॅम टारचा, आणि जाहिरातीत ‘९९ टक्के टारमुक्त’. तिच्या फिल्टरमध्ये भोकांऐवजी लांबीच्या दिशेने चार खाचा होत्या. यंत्राच्या नळीत त्या मोकळ्या राहत आणि हवा आत येई. ओठांत धरली की त्या दबत किंवा झाकल्या जात. तक्रार केली ती आरोग्य कार्यकर्त्यांनी नव्हे, तर प्रतिस्पर्धी तंबाखू कंपन्यांनी, कारण बाजार त्यांचा जात होता. कमिशनने तपास केला आणि प्रत्यक्षात ही सिगारेट ३ ते ७ मिलिग्रॅमच्या दरम्यान टार देते असा निष्कर्ष १९८३ मध्ये काढला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि जाहिरात फसवी ठरली.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट अशी वाटते: ओठांमुळे यंत्राचा आकडा खोटा ठरतो, हे १९८३ साली सरकारी पातळीवर मान्य झालं, पण एका ब्रँडपुरतं. भोकांच्या बाकी सगळ्या सिगारेटना तेच लागू होतं. त्यांचे आकडे पुढची पंचवीस वर्षं तसेच छापले गेले.

शरीराने दिलेली साक्ष

माणसाने किती ओढलं हे यंत्राऐवजी माणसालाच तपासून कळू शकतं. निकोटिनचं यकृतात कोटिनिन होतं. ते रक्तात बराच वेळ टिकतं आणि त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सोळा तास लागतात. १९८३ साली कॅलिफोर्नियात नील बेनोविट्झ यांच्या गटाने २७२ धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातलं कोटिनिन मोजलं आणि त्यांच्या ब्रँडच्या छापील निकोटिनशी ताडून पाहिलं. नातं सापडलं नाही. कमी आकड्याची सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात निकोटिन कमी नव्हतं.

२००० साली मिर्जाना जॉर्जेविच आणि सहकाऱ्यांनी १३३ जणांचे झुरके प्रत्यक्ष मोजले. कमी निकोटिनच्या सिगारेट ओढणाऱ्यांचा सरासरी झुरका ४८.६ मिलिलिटरचा निघाला, आणि दोन झुरक्यांमधलं अंतर २१.३ सेकंदांचं. यंत्र एक झुरका घेतं तेवढ्या वेळात माणसाचे जवळजवळ तीन, आणि प्रत्येक मोठा. मग याच पद्धतीने यंत्राला ओढायला लावलं, तेव्हा छापील आकड्याच्या अडीच पट निकोटिन आणि २.६ पट टार मिळाला. बेन्झोपायरिन आणि एनएनके सुमारे दुप्पट. मध्यम निकोटिनच्या सिगारेटमध्येही आकडे वाढले, पण फरक थोडा कमी होता. सिगारेट जितकी ‘हलकी’ तितकं छापील आकड्याचं खोटेपण मोठं, असा त्याचा अर्थ.

तिसरा पुरावा २००५ चा. मिनेसोटा विद्यापीठातले स्टीफन हेक्ट यांनी नेहमीची, लाइट आणि अल्ट्रालाइट अशा तिन्ही प्रकारच्या सिगारेट ओढणाऱ्या १७५ जणांच्या लघवीत कर्करोगकारकांच्या खुणा शोधल्या. एनएनके शरीरात गेलं की त्यातून एनएनएएल नावाचं द्रव्य तयार होतं. ते तंबाखूशिवाय दुसऱ्या कशातून येत नाही आणि सोडल्यावर कित्येक आठवडे लघवीत सापडत राहतं. एनएनएएल, धुरातल्या पायरिन या रसायनाचं शरीरात बदललेलं रूप आणि कोटिनिन, यातल्या कशातही तिन्ही गटांमध्ये म्हणण्याजोगा फरक नव्हता. हा अभ्यास मला निर्णायक वाटतो. इथे झुरक्याचं अनुमान नाही, यंत्र नाही. पेशींपर्यंत काय पोचलं त्याचीच ही नोंद आहे.

आणि आजार? अमेरिकन कॅन्सर सोसायटीने लाखो लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून जमवलेल्या माहितीचं विश्लेषण २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. फार कमी, कमी आणि मध्यम टारच्या फिल्टर सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचा धोका सारखाच होता. फक्त फिल्टर नसलेल्या, जास्त टारच्या सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तो अधिक होता. फिल्टर नसण्यापेक्षा असण्याने थोडा फरक पडला असेल, पण लाइट निवडून काही मिळालं नाही. उलट २०१४ च्या सर्जन जनरल अहवालाने एक गंभीर गोष्ट नोंदवली. १९६० च्या दशकापासून सिगारेटच्या रचनेत झालेल्या बदलांमुळे धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाचा धोका वाढला. हा कर्करोग बहुतेकदा फुप्फुसाच्या बाहेरच्या, खोल भागात होतो. संभाव्य कारणांत अहवालाने भोकांचे फिल्टर आणि तंबाखूतल्या नायट्रोसमाइन्सची वाढलेली पातळी यांची नावं घेतली. पातळ धूर खोल आणि जोरात ओढला जातो आणि पूर्वी जिथे पोचत नव्हता तिथे पोचतो, हे त्यामागचं एक स्पष्टीकरण. जिवाला धोका कमी व्हावा म्हणून ज्यांनी ही सिगारेट घेतली त्यांच्या बाबतीत हे घडलं, याची मला मनापासून चीड येते.

कुणाला कधी माहीत होतं

शास्त्रज्ञांना हे १९८० च्या सुमारास कळू लागलं. कंपन्यांना त्याआधीच कळलं होतं. पुढे खटल्यांमधून उघड झालेल्या कागदपत्रांत फिलिप मॉरिसचा सप्टेंबर १९७५ चा एक अंतर्गत अहवाल आहे. कंपनीने माणसांचे झुरके नोंदवून ते जसेच्या तसे पुन्हा घेणारं यंत्र वापरलं होतं. नेहमीची मार्लबोरो ओढणाऱ्यांना लाइट दिली, तरी त्यांच्या शरीरात जाणारा धूर कमी झाला नाही, असं त्यात लिहिलं आहे. मार्लबोरो लाइट्स बाजारात येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. विक्री वाढत राहिली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सिगारेटपैकी चार-पंचमांशाहून अधिक १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी टारच्या होत्या.

सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकी सरकारने संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली कंपन्यांवर दिवाणी दावा लावला. न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी १७ ऑगस्ट २००६ रोजी दिलेला निकाल सोळाशेहून अधिक पानांचा आहे. लाइट आणि लो-टार सिगारेट आरोग्याला कमी घातक असल्याचा समज कंपन्यांनी खोटेपणाने पसरवला आणि त्यामागे लोकांनी सिगारेट सोडू नये हा हेतू होता, हे त्यांनी पुराव्यांसह मांडलं. मला या निकालाचं महत्त्व शिक्षेपेक्षा या शेवटच्या मुद्द्यात दिसतं. लाइटची खरी स्पर्धा दुसऱ्या ब्रँडशी नव्हती, ती सोडण्याच्या निर्णयाशी होती.

पुढचं सगळं हळूहळू झालं. २००८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने आपल्या मापाची मान्यता काढून घेतली. २००९ च्या कायद्याने जून २०१० पासून ‘लाइट’, ‘माइल्ड’, ‘लो’ हे शब्द पाकिटावरून हटले. युरोपीय संघात ते २००३ मध्येच गेले होते. शब्द गेले आणि रंग आले. मार्लबोरो लाइट्स ‘गोल्ड’ झाली, आणि पाकीट बदलतंय पण सिगारेट तीच आहे, असं ग्राहकांना कळवण्यात आलं. केसलर यांनी कंपन्यांना करायला लावलेली जाहीर दुरुस्ती वृत्तपत्रांत आणि टीव्हीवर यायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं, आणि दुकानांत त्याचे फलक लागायला २०२३. त्यातलं एक विधान असं, की लो-टार आणि लाइट सिगारेट ओढणारा माणूस नेहमीच्या सिगारेटइतकाच टार आणि निकोटिन आत घेतो. फिल्टरमधली भोकं मात्र आजही कायदेशीर आहेत. युरोपात टारची १० मिलिग्रॅमची मर्यादा अजून ३५ मिलिलिटरच्याच झुरक्याने मोजली जाते. कॅनडाने वेगळं, तीव्र माप घेतलं: ५५ मिलिलिटर, अर्ध्या मिनिटाला एक, भोकं पूर्ण बंद. ते वास्तवाच्या जास्त जवळ आहे, पण तेही यंत्रच.

‘मी कमी ओढतो’

प्रकरण अमेरिकेतलं असलं तरी त्यातून दिसलेली शरीराची वागणूक सगळीकडची आहे. म्हणून ‘दिवसाला किती’ या एकाच प्रश्नावर थांबू नये. वीसवरून दहावर आलेला माणूस विषाची मात्रा निम्मी झाली असं धरतो. ती तेवढी घटत नाही, कारण उरलेल्या दहा तो अधिक खोल ओढतो. डेन्मार्कमधल्या २००५ च्या एका मोठ्या अभ्यासात, दिवसाला पंधरा किंवा अधिक ओढणाऱ्यांनी संख्या निम्म्यावर आणली तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण २७ टक्क्यांनी कमी झाला. फायदा झाला, पण निम्मा नाही. हृदयाचं गणित आणखी कठोर आहे. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या वाट्याला, वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो त्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग येतो. रक्तवाहिन्या थोड्या धुरालाही मोठी प्रतिक्रिया देतात.

सकाळच्या पहिल्या सिगारेटची वेळही बरंच सांगून जाते. उठल्यावर पाच मिनिटांत सिगारेट लागणाऱ्यांच्या लघवीत, तेवढ्याच सिगारेट ओढणाऱ्या पण उशिरा सुरू करणाऱ्यांपेक्षा, एनएनएएल जास्त सापडतं. रात्रभर घसरलेली निकोटिनची पातळी भरून काढायला ते प्रत्येक सिगारेट अधिक पिळून ओढतात.

आपल्याकडे यात विडी येते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात भारतातले ७.७ टक्के प्रौढ विडी ओढत होते आणि ४ टक्के सिगारेट. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलातला तेंदूपत्ता आणि सोलापूर-सिन्नरच्या बायकांनी वळलेली विडी, ही आपल्याच राज्यातली साखळी आहे. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बराच कमी असतो, कागद नसतो, ‘पानाची आहे, नैसर्गिक आहे’ असंही म्हणतात. पण तेंदूपत्ता हवा आत येऊ देत नाही आणि सहज जळतही नाही. सतत झुरके घेतले नाहीत तर विडी विझते. म्हणजे इथे झुरका वारंवार घ्यायला भाग पाडणारी रचनाच आहे. म्हणून एवढ्याशा तंबाखूतूनही विडी ओढणाऱ्याच्या रक्तात निकोटिन सिगारेटइतकं, काही अभ्यासांत त्याहून अधिक चढतं, आणि टार व कार्बन मोनॉक्साइडही मागे नसतात. लाइट सिगारेटमध्ये भोकं करतात ते काम विडीत पान करतं. वस्तू छोटी किंवा हलकी दिसते, आणि ओढण्याची पद्धत ते भरून काढते.

म्हणून एखादा डॉक्टर किंवा घरचं माणूस ओढणाऱ्याशी बोलायला बसलं, तर मी म्हणेन की ब्रँड विचारण्यात वेळ घालवू नका. उठल्यावर किती वेळात पहिली लागते, धूर आत किती धरता, कुठवर ओढता, विझलेली पुन्हा पेटवता का, हे विचारा. या उत्तरांतून निकोटिनची पकड किती घट्ट आहे ते कळतं, आणि त्याप्रमाणे निकोटिनचं च्युइंगगम किंवा पॅच, औषध, समुपदेशन असे उपचार ठरवता येतात. निकोटिन धुराशिवाय मिळालं तर शरीराची मागणी भागते आणि त्याच्यासोबत येणारी हजारो रसायनं येत नाहीत.

तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. टपरीवरून एकेक सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही, त्यामुळे त्याला चित्राचा इशाराही दिसत नाही आणि हा नंबरही नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली त्यामागे हे एक ठोस कारण होतं, आणि त्या बंदीची अंमलबजावणी झाली तर सगळ्यात जास्त उपयोग या सुटी घेणाऱ्यांनाच होईल.